धार, वंगण आणि बलुतं : नगर जिल्ह्यातल्या अवजारांच्या निगेची गोष्ट

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, यात इतिहास तो कसला? फाळाला धार लावणं, गाडीच्या आखाला वंगण घालणं, चाकाची धाव आवळणं ही तर रोजची कामं. पण नगर जिल्ह्याचा, आता अहिल्यानगर म्हणायचं, शेतीचा इतिहास मला याच कामांतून सर्वांत नीट दिसतो. अवजार कुणी शोधलं, ते कधी आलं, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. ते चालू ठेवलं कुणी, आणि त्या निगेचा मोबदला त्याला कसा मिळाला, हे आपण फारसं विचारत नाही. आज तेवढंच विचारू.

आधी जमीन बघा. अकोल्याच्या बाजूला सह्याद्री, तिथे पाऊस धो धो. पूर्वेला आणि दक्षिणेला, म्हणजे पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत, श्रीगोंदा या बाजूला, पावसाची वाट बघण्यात आयुष्य जातं. काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते. तिच्यात जुना बाभळीचा नांगर घालायचा तर बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत. एवढी ताकद लावूनही शेवटी सगळं काम त्या नांगराच्या टोकाला बसवलेल्या लोखंडी फाळावर. फाळ बोथट झाला की नांगर वर वर सरकतो, बैल दमतात, तास उथळ जातो. पाभर आणि कुळवाचंही तेच. पाऊस पडला आणि वाफसा आला, की पेरायला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत कुळवाची पास बोथट निघाली तर वर्षाचं नुकसान.

म्हणून फाळ शेवटायला लोहाराकडे जायचा. ‘शेवटणे’ हा शब्द आता शहरात ऐकू येत नाही, खेड्यात अजून आहे. फाळ निखाऱ्यात लाल करायचा, ऐरणीवर धरून घणाने ठोकत त्याचं टोक पुन्हा लांबवायचं, आणि मग पाण्यात बुडवून त्याला ‘पाणी द्यायचं’. पाणी देणं हे खरं कसब. जास्त कडक झाला तर दगडावर आपटून टोक तुटणार, मऊ राहिला तर आठ दिवसांत परत बोथट. तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून लोहार ते ओळखायचा. प्रत्येक खेपेला लोखंड थोडं झिजायचं, फाळ आखूड व्हायचा. फारच आखूड झाला तर त्याला नवं लोखंड जोडून घ्यायचं.

याचे पैसे? रोखीत काही नाही. इथे बलुतं येतं. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली आलं, ते या व्यवस्थेवरचं मराठीतलं सर्वांत महत्त्वाचं पुस्तक. बलुतेदारांच्या ओळी असत, आणि वाटा त्या ओळीप्रमाणे ठरे. सुतार आणि लोहार पहिल्या ओळीत. सुगी झाली की खळ्यावर त्यांच्या वाट्याच्या पेंढ्या, धान्य बाजूला निघायचं. लोखंड शेतकऱ्याचं, कोळसा बहुधा शेतकऱ्याचा, आणि घण मारायला किंवा भाता ओढायलाही त्यानेच हात लावायचा. लोहाराची विद्या आणि मेहनत तेवढी बलुत्यात.

आता यातली गंमत लक्षात घ्या. वर्षात फाळ चार वेळा आणला काय किंवा दहा वेळा आणला काय, वाटा तोच. म्हणजे काम टिकाऊ करण्यात लोहाराचंच हित. पाणी नीट दिलं तर तो फाळ पुन्हा लवकर दारात येणार नाही. आजच्या दुरुस्तीच्या दुकानाचा हिशेब बरोबर उलटा असतो, हे मी सांगायला नको! हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने दख्खनच्या कागदपत्रांवर फार बारीक काम केलं. त्याचं म्हणणं असं, की बलुतेदार हा एकेका घराचा नोकर नव्हता, तो अख्ख्या गावाचा होता. म्हणजे अवजारांची निगा ही गावाने सामाईकपणे उचललेली जबाबदारी होती.

पण म्हणून ती व्यवस्था गोड होती, असं कृपा करून समजू नका. दया पवार याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांच्या १९७८ सालच्या आत्मकथनाचं नावच ‘बलुतं’ आहे. लोहाराला वाटा म्हणजे हक्क होता, त्याला कामाची हद्द होती. महारांच्या कामाला हद्द नव्हती, वेळकाळ नव्हता, आणि मोबदल्यात अपमान मिसळलेला होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याचसाठी. तेव्हा बलुत्याबद्दल बोलताना दोन्ही गोष्टी एकत्र डोळ्यापुढे ठेवाव्या लागतात. एकाच खळ्यावर दोघांना मिळालेलं धान्य सारखं नव्हतं.

आता गाडी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागात गाड्या कमीच, आणि ज्या होत्या त्या जड, भरीव चाकांच्या. लांबचा माल बैलांच्या पाठीवरून लमाण आणि वंजारी नेत. पुढे रस्ते झाले, हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्या वाढल्या, आणि १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून सुरू झाली. रेल्वे आली म्हणून गाड्या संपल्या असं झालं नाही. उलट स्टेशनपर्यंत माल न्यायला त्या वाढल्याच.

आणि गाडी म्हणजे निगेचं एक वेगळंच प्रकरण. लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवायची तर सुतार आणि लोहार दोघं लागतात. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या आगीत तापवून फुगवायची, तशीच लाल असताना चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. ती आकसते आणि सगळं चाक करकचून आवळते. हे कोरड्या मुलखात टिकत नाही. उन्हाळ्यात लाकूड वाळतं, धाव सैल होते, खडखड वाजायला लागते. मग गाडीवाला रात्री चाकं नदीत किंवा डोहात घालून ठेवायचा, लाकूड फुगेपर्यंत. तात्पुरता इलाज, पण बिनपैशाचा.

वंगणाचं काम मात्र गाडीवाल्याचं स्वतःचं. एरंडीचं तेल आणि जाळलेल्या चिंध्यांची काळी राख यांचं ते मिश्रण. गाडीखाली त्याचं नळकांडं लटकलेलं असायचं. वंगण संपलं की आख कुरकुरायला लागतो, लाकडी तुंबा आतून झिजतो, आणि सगळा भार बैलाच्या मानेवर येतो.

थोडं विषयांतर करतो. नॉर्वे-स्वीडनकडे बर्फावर घसरत जायच्या लाकडी पट्ट्या, स्की, त्यांच्या तळाला पाईनच्या झाडाचं डांबर माखायची जुनी पद्धत होती. तेच डांबर तिथे गाडीच्या आखालाही लावत. आता स्कीच्या लोखंडी कडांना कानशीने धार लावतात आणि तळाला मेण देतात, हंगामात पुन्हा पुन्हा. कड धारदार हवी आणि तळ सुळकन सरकायला हवा. आपल्याकडे हीच दोन कामं फाळ आणि आख यांच्यात वाटलेली होती. आणि तिथेही निगा राहिली की उरलेलं सगळं ओझं पायांवर येतं, जसं इथे बैलांवर.

परत आपल्या जिल्ह्यात येऊ. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला. सुरुवातीला शेतकरी घेईनात, लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती होती. पुढे तो घरोघर गेला. पण त्याचा एक परिणाम फार कमी लोकांनी नोंदवलाय. बिडाचा ओतीव फाळ ऐरणीवर शेवटता येत नाही, घण मारला तर तो तडकतो. झिजला की नवा विकत आणायचा. म्हणजे जे काम धान्याच्या वाट्यात होत होतं, ते रोख खरेदीत गेलं. गावचा लोहार एका दिवसात बेकार झाला नाही, विळे, खुरपी, कुऱ्हाडी होत्याच. पण खळ्यावर त्याला वाटा द्यायचं मोठं कारण गेलं. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला भाता मांडणारे घिसाडी तुम्ही पाहिले असतील. पुरुष सांडशीत लोखंड धरतो आणि बाई घण मारते. तिथे हिशेब रोखीचा. धार लावली, पैसे दिले, संबंध संपला.

यानंतरचा टप्पा उसाचा. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं, कालवे आले, ऊस आला. १९५०-५१ च्या हंगामात लोणीचा प्रवरा सहकारी कारखाना सुरू झाला. त्यामागे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ होते, हे तुम्हाला माहीत आहेच. साखर कारखान्यात निगेला काय मान असतो ते बघा. गाळप संपलं की काही महिने यंत्रं उघडून ठेवतात. रोलर निघतात, बेअरिंगं बदलतात, ऊस तोडणाऱ्या पात्यांना पुन्हा धार येते, आणि हे करणाऱ्या कामगारांना पगार मिळतो. मग पूजा होऊन बॉयलर पेटतो.

त्याच कारखान्याला ऊस येतो तो कोयत्याने तोडलेला. पाथर्डी-शेवगावच्या आणि शेजारच्या बीडच्या दुष्काळी गावांतून दिवाळीच्या सुमाराला माणसं निघतात, मुकादमाची उचल घेऊन. नवरा-बायकोच्या जोडीला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणीच अवजाराने! ऊस बुडख्यापासून, जमिनीलगत तोडायचा असतो, कारण साखर बुडख्याकडे जास्त. म्हणजे पातं माती-खड्यांवर घासणार, धार जाणार. मग थांबून कानस मारायची. कोयता त्यांचा, कानस त्यांची. मजुरी टनावर मिळते, आणि कानस मारताना एकही टन भरत नाही. लोहाराच्या वाट्यात जो वेळ धरलेला होता, कारखान्याच्या पगारपत्रकात जो वेळ धरलेला आहे, तो टनाच्या दरात कुठे बसतो? दर ठरवायच्या वाटाघाटी होतात तेव्हा तोडणी, भरणी, वाहतूक यांवर बोलणं होतं. धारेचा वेळ म्हणून वेगळा धरलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. प्रश्न असतील तर आता विचारा.