ऑलिव्हचं लोणचं: कडू फळ, मीठ आणि १९१९ सालचा धडा

ह्या पेजवर नेहमी फवारणी, पाणी, बाजारभाव असंच लिहितो. आज पाऊस उघडीप देत नाही, वापसा नाही, म्हणून थोडा इतिहास लिहितो. विषय ऑलिव्हचा आहे, पण वाचून झाल्यावर कळेल की तो आपल्या घरच्या बरणीपर्यंत येतो.

बरेच जण विचारतात, राजस्थानात ऑलिव्ह लावलं, आपण लावावं का? राजस्थानात २००८ च्या सुमारास इस्राएलहून रोपं आणून लागवड झाली. बिकानेर जिल्ह्यात लुणकरणसरला २०१४ साली तेल काढायचा कारखानाही निघाला. पण ह्या झाडाला फुलोऱ्यासाठी हिवाळ्यात चांगली थंडी लागते. तेवढी थंडी मिळाली नाही तर झाड हिरवंगार वाढतं आणि फळाचा भरवसा राहत नाही. तेव्हा लागवडीचा विषय इथंच ठेवतो. मला सांगायचंय ते फळ काढल्यानंतरचं.

ऑलिव्हचं फळ झाडावरून तोडून खाता येत नाही. करवंद, आवळा, चिंच निदान तोंडात तरी धरता येतात. हे इतकं कडू असतं की लगेच थुंकावं लागतं. त्यात ओल्युरोपीन नावाचं कडू द्रव्य असतं. म्हणजे ज्या माणसांनी हे झाड पहिल्यांदा जपलं, त्यांना आधी कडूपणा काढायचा उपाय सापडला असणार. इस्राएलमध्ये हैफाजवळ समुद्राखाली बुडालेल्या जुन्या वस्तीत खड्डे सापडलेत, साधारण ६,६०० वर्षांपूर्वीचे. त्यात ऑलिव्हच्या हजारो बिया, बहुतेक अख्ख्या. तेलासाठी फळ चेचलं तर बी फुटते. इथं बी अख्खी आहे, म्हणून संशोधक म्हणतात की ही फळं खाण्यासाठी खाऱ्या पाण्यात मुरवली असावीत.

लेखी पुरावा रोमन लोकांचा. केटो नावाच्या जमीनदाराने इसवी सनापूर्वी १६० च्या आसपास शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात कृती अशी: हिरवं फळ काळं पडायच्या आत ठेचायचं, पाण्यात टाकायचं, पाणी वरचेवर बदलायचं. पुरेसं भिजलं की पिळून सिरक्यात घालायचं, वर तेल. मीठ किती? एका मोडियसला अर्धा पौंड, म्हणजे आपल्या मापाने साधारण पावणेनऊ लिटर फळाला १६० ग्रॅम. कारल्याला मीठ लावून पिळतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त दिवस जास्त लागतात.

त्याच पुस्तकात मजुरांच्या जेवणाचाही हिशोब आहे. झाडाखाली गळून पडलेलं ऑलिव्ह मजुरांसाठी साठवायचं, मग ज्यातून तेल कमी निघेल ते, आणि जास्तीत जास्त दिवस पुरेल असं हात राखून वाढायचं. ते संपलं की माशांचं खारं आणि सिरका द्यायचा. हे मजूर म्हणजे गुलाम होते. चांगला माल घाण्याला आणि पडझड कामकऱ्याच्या ताटात, ही रीत किती जुनी आहे बघा.

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला झाला. हा मूळचा स्पेनमधल्या कादिसचा. मिठाचं पाणी पुरेसं कडक झालं की नाही हे ओळखायची खूण त्याने लिहून ठेवलीय. ताज्या चीजचा तुकडा पाण्यात टाकायचा. बुडाला तर मीठ कमी, तरंगला तर पाणी तयार. आपण भाताचं बी पेरायच्या आधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून त्यात टाकतो आणि तरंगलेलं पोचट बी काढून टाकतो. नियम तोच, मिठाने पाणी जड होतं. त्याच्याकडे मीटर नव्हता, पण मोजल्याशिवाय बरणी भरायची नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता तोडणीचं. तेलाचं फळ काठीने झोडपून जाळीवर पाडलं तरी चालतं. खाण्याच्या फळाला डाग चालत नाही, ते हातानेच काढतात. स्पेनमध्ये ह्या तोडणीला 'ओर्देन्यो' म्हणतात, म्हणजे चक्क धार काढणं. फांदीवरून हात ओढत आणायचा आणि फळं मुठीत घ्यायची. हिरवं फळ तोडायला आलं का, तर दाबून बघायचं. दुधासारखा पांढरट रस आला की आलं. आंब्यासारखंच ह्या झाडालाही एक वर्ष भर आणि एक वर्ष खाडा असतो.

नुसत्या पाण्याने कडूपणा जायला बराच वेळ लागतो. म्हणून राखेचं पाणी आणि पुढे कॉस्टिक सोडा आला. स्पेनच्या पद्धतीत दोन-तीन टक्के सोड्याच्या पाण्यात फळ काही तास ठेवतात. मधूनमधून एखादं कापून बघतात. सोडा गराच्या दोन तृतीयांशापर्यंत पोचला की पाणी काढून फळ धुतात आणि मिठाच्या पाण्यात मुरायला ठेवतात. इडलीचं पीठ आंबवतात तसलेच जंतू फळातली साखर खाऊन आंबटपणा तयार करतात आणि पाण्याचा सामू ४ च्या आसपास किंवा खाली येतो. मीठ आणि आंबटपणा, हे दोघं मिळून बरणीची राखण करतात.

ग्रीसमध्ये कालामाता जातीला चिरा पाडून भिजवतात, मग मीठ आणि द्राक्षाचा सिरका. काही जाती नुसत्या कोरड्या मिठात सुरकुतेपर्यंत ठेवतात. रीत वेगवेगळी, पण राखण मिठाची, आंबटाची नाहीतर वाळवणाची.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात हे झाड स्पॅनिश पाद्र्यांबरोबर गेलं. तिथं फ्रेडा एहमान नावाची जर्मनीहून आलेली विधवा बाई होती. १८९० च्या दशकात घरचा पैसा ऑलिव्हच्या बागेत बुडाला आणि हाताशी उरली साधारण २० एकर बाग. वय साठीकडे झुकलेलं. तेलाला भाव नाही, म्हणून फळ मुरवून विकायचं ठरवलं. ती थेट विद्यापीठात मातीशास्त्राचे प्रोफेसर हिल्गार्ड यांच्याकडे गेली, कृती समजून घेतली आणि मुलीच्या घराच्या मागच्या पडवीत पिंपं मांडली. पहिली खेप २८० गॅलन, म्हणजे हजार लिटरच्या वर. माल ऑकलंडच्या किराणा दुकानदाराने घेतला, आणि १८९८ साली तिचा कारखाना उभा राहिला. बागेत तोटा आणि पडवीत नफा, हे आजही आपण गावोगाव बघतो.

कॅलिफोर्नियाचा माल मात्र स्पेनपेक्षा वेगळा होता. सोड्याने कडूपणा काढायचा, हवा लावून फळ काळं करायचं आणि आंबवायचं नाही. मीठही बेताचंच. चव सौम्य, गिऱ्हाईक खूश. आज पिझ्झावर जी काळी चकती असते, ती बहुतेक ह्याच पद्धतीची. ती झाडावर पिकून काळी झालेली नसते.

पण ह्यात एक गोष्ट निसटली. सोड्याने कडूपणाबरोबर आंबटपणाही गेला. आंबवलं नाही म्हणून नवा आंबटपणा आला नाही. मीठ कमी, बरणी हवाबंद. बॉट्युलिझमचा जंतू मातीतलाच आहे, तुमच्या-माझ्या शेतातही असतो. हवा नाही आणि आंबट नाही अशी जागा मिळाली की तो विष तयार करतो. त्याचे बीजाणू १०० अंशाच्या उकळत्या पाण्यातही टिकतात. काचेच्या बरण्यांना त्यापेक्षा जास्त उष्णता दिली जात नव्हती.

ऑगस्ट १९१९ मध्ये ओहायो राज्यात कँटन गावाजवळ एका क्लबात जेवणावळ झाली. कॅलिफोर्नियाचे ऑलिव्ह वाढले होते. सात जण दगावले. पुढच्या महिन्यांत आणखी शहरांतून अशाच बातम्या आल्या. ज्याने चांगला माल केला होता त्याचाही माल दुकानात पडून राहिला. गिऱ्हाईक कुठं विचारत बसतं, की ही बरणी कुणाची आणि ती कुणाची?

मग नियम आला: काळं ऑलिव्ह बंद डब्यात दाबाखाली ११६ अंश सेल्सिअसपर्यंत ४० मिनिटं तापवायचं. कॅनिंगवाल्यांनी स्वतः पैसे घातले, सॅन फ्रान्सिस्कोत कार्ल मेयर यांच्यासारखे शास्त्रज्ञ कामाला लागले आणि १९२५ साली कॅलिफोर्नियात कारखाने तपासायचा कायदा झाला. मीठ-आंबटाची राखण काढली होती, तिच्या जागी उष्णतेची राखण बसवली. तेव्हा कुठं धंदा हळूहळू सावरला.

आता आपल्याकडं या. कैरीच्या लोणच्यात कैरीचा आंबटपणा आहे, मीठ आहे, वर तेल आणि मोहरी. आजीने सामू मोजला नाही, पण राखण भक्कम होती. हल्ली गिऱ्हाईक म्हणतं मीठ कमी करा, आंबट कमी करा. बचत गटाच्या बायाही मशरूम, बेबी कॉर्न, तेलातला लसूण असा नवा माल बरणीत भरायला लागल्यात. ह्या मालाला स्वतःचा आंबटपणा नाही. कैरीच्या भरवशावर शिकलेली कृती इथं जशीच्या तशी चालत नाही.

म्हणून नवा माल बरणीत भरायच्या आधी चार गोष्टी विचारा. मीठ पुरेसं आहे का? सामू ४.६ च्या बराच खाली आहे का? माल पुरता वाळलाय का? ह्यातलं काहीच नसेल तर दाबाखाली तापवायची सोय आहे का? एकाचंही उत्तर हो नसेल, तर ती बरणी विकायची नाही आणि घरातही ठेवायची नाही. वास-चव बघून हे विष ओळखता येत नाही. माल तपासणीला टाका, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अन्नप्रक्रिया शिकवणाऱ्या कॉलेजात विचारा. फ्रेडा बाई पिंप भरायच्या आधी प्रोफेसरांकडे गेली होती, भरल्यावर नाही.