नेरेझीची आई

आज आपण जाणार आहोत उत्तर मॅसेडोनियात. स्कोप्ये शहराजवळ, नेरेझी गावात संत पँटेलिमोनचं एक छोटंसं ऑर्थोडॉक्स चर्च आहे. दगड-विटांचं, मधे मोठा घुमट आणि चार कोपऱ्यांवर चार लहान घुमट. दारावरच्या ग्रीक लेखात साल आहे ११६४, आणि बांधून घेणाऱ्याचं नाव अलेक्सिओस, बायझंटाईन राजघराण्यातला.

पण मला थांबवलं ते आतल्या एका भित्तिचित्रानं. क्रुसावरून उतरवलेल्या येशूला मरिया कुशीत घेऊन बसलीय, गालाला गाल लावून. तिच्या भुवया वेदनेनं आक्रसल्यात. शिष्य योहान पार वाकून येशूचा हात आपल्या गालाशी धरतोय. देवाची आई नाही, लेक गेलेली कुठलीही आई दिसते.

चित्रांत अशा माणसांच्या भावना आणण्याचं श्रेय बहुतेक वेळा इटलीच्या जोत्तोला दिलं जातं. याच प्रसंगाचं त्याचं पादुआतलं चित्र साधारण १३०५ चं. नेरेझीचं त्याच्या तब्बल १४० वर्षं आधीचं!

मग हे मागे का राहिलं? १५५५ च्या भूकंपात मधला घुमट कोसळला, तिथली चित्रं गेली. एकोणिसाव्या शतकात उरलेल्या चित्रांवर नवी रंगवली गेली. जुनी पुन्हा उजेडात आली थेट १९२० च्या दशकात. तोवर जोत्तोची गोष्ट घट्ट बसली होती.

पैसे देणाऱ्याचं नाव दारावर आहे, चित्रकाराचं कुठेच नाही. म्हणून हल्ली ‘सगळ्यात पहिला’ असं कुणी म्हटलं, की मी विचारते: सापडलेल्यांपैकी ना?