लहान नाव आणि परार्थाची झोळी

ज्या जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही, तेथील वाचकांपुढे नौकाप्रवासाचा विषय मांडावा हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे सीनेच्या काठचे शहर. सह्याद्री आड उभा असल्यामुळे जिल्ह्याच्या बहुतेक भागास पावसाचीही वाण. निजामशाहीच्या काळी चौलच्या बंदरावर या शहराची सत्ता होती, १५२१ साली पोर्तुगीजांस तेथे किल्ला बांधण्याची परवानगी याच दरबाराने दिली, आणि १५७०-७१ मध्ये तोच किल्ला घेण्यासाठी मुर्तझा निजामशहास निष्फळ वेढा घालावा लागला. निजामशाहीबरोबर हा संबंधही इतिहासजमा झाला. तथापि समुद्र आणि दानधर्म यांची सांगड कशी पडते, याचा एक धडा या जिल्ह्याने पुढे अवश्य पाहिला आहे.

१८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात पश्चिम हिंदुस्थान होरपळून निघाला. त्या वेळी अमेरिकेतील ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या पत्राने आपल्या वाचकांकडून वर्गणी जमविली, आणि मे १९०० मध्ये ‘क्विटो’ नावाची आगबोट सुमारे दोन लाख बुशेल मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघाली. अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या वाटपात नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम यांचा मोठा भाग होता. या कार्याबद्दल त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले. मिशनांच्या मदतीविषयी लोकांच्या मनात संशय नव्हता असे नाही. अन्नाबरोबर धर्मही पुढे केला जातो, हा आक्षेप त्या काळी घेतला जात होताच. या आक्षेपाकडे आम्हांस पुन्हा वळावयाचे आहे.

‘क्विटो’ने धान्य वाहिले, म्हणून तिचा उपयोग डोळ्यांस दिसतो. परंतु परोपकारार्थ समुद्रात उतरणारी दुसऱ्या जातीची एक नाव आहे. ती रिकामी जाते आणि रिकामीच परत येते. केवळ तिच्या प्रवासाच्या वार्तेवर द्रव्य उभे राहते. या प्रकाराच्या आद्य प्रवर्तकांत जॉन मॅक्‌ग्रेगर या इंग्रजी बॅरिस्टराची गणना करावी लागते, आणि योगायोग असा की त्याच्या कथेचा आरंभ हिंदुस्थानच्या वाटेवरच होतो.

१८२५ च्या फेब्रुवारीत ‘केंट’ हे ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज पलटणीचे शिपाई व त्यांची कुटुंबे घेऊन बंगालकडे निघाले. १ मार्च रोजी, बिस्केच्या उपसागरात, भर तुफानात त्यास आग लागली. ‘केंब्रिया’ नावाच्या लहानशा जहाजाने पाचशेहून अधिक जीव वाचविले. त्यांत अवघ्या पाच आठवड्यांचे एक मूल होते. तेच हे मॅक्‌ग्रेगर. पुढे १८६५ साली त्यांनी ‘रॉब रॉय’ नावाची सुमारे पंधरा फूट लांबीची होडी बांधून घेतली, आणि दुहेरी पात्याचे वल्हे मारीत युरोपातील नद्या व सरोवरे एकट्याने पालथी घातली. १८६७ साली तर एकवीस फुटांच्या शिडाच्या नावेतून ते एकटेच इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिसपर्यंत गेले व परत आले. पहिल्या प्रवासावरील पुस्तकाचा नफा त्यांनी संकटात सापडलेल्या खलाशांस वाचविणाऱ्या संस्थेस व नौकाभंगाने निराधार झालेल्यांच्या मंडळास दिला. व्याख्यानांचे उत्पन्नही त्यांनी धर्मकार्यास लावले. ज्यास समुद्राच्या तोंडातून परक्या खलाशांनी ओढून काढले, त्याने त्याच समुद्रावर फिरून दुसऱ्यांस ओढून काढण्याची सोय करावी, ही ऋणफेड आम्हांस फार मोलाची वाटते.

आता आक्षेप. ज्यास द्रव्य द्यावयाचे त्याने सरळ द्यावे. त्यासाठी कोणी जीव धोक्यात का घालावा? हौस प्रवाशाची आणि पुण्याचे नाव मात्र संस्थेचे, असेच हे नव्हे काय? हा आक्षेप पोकळ नाही. परंतु मनुष्यस्वभावाचा अनुभव असा की, संस्थेचे विनंतीपत्र न उघडता बाजूस ठेवणारा गृहस्थही एकटा मनुष्य लाटांवर निघाल्याचे ऐकताच थबकतो. त्याचे औदार्य नाहीसे झालेले नसते. ते निजलेले असते, आणि नावेतल्या मनुष्याचे साहस त्यास हलवून जागे करते.

आपल्या किनाऱ्यावरही हा प्रयोग झाला आहे. मुंबईचे कौस्तुभ खाडे यांनी २०१५ च्या सुमारास एका माणसापुरत्या कयाकमधून, हाताने वल्हे मारीत, हिंदुस्थानचा पश्चिम किनारा गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत उतरून पार केला. हे अंतर सुमारे ३,००० किलोमीटर भरते. त्यांच्या समवेत शांजली शाही या किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवरून गेल्या. या साहसाची सांगड त्यांनी ‘मॅजिक बस’ या गरीब मुलांसाठी झटणाऱ्या संस्थेच्या निधीशी घातली होती. मॅक्‌ग्रेगर यांनीही लंडनच्या रस्त्यांवरील अनाथ पोरांसाठी बूट पुसणाऱ्या मुलांचे पथक उभारण्यात पुढाकार घेतला होता, हे येथे आठवते.

यात सर्वच परकीय आहे असे मात्र कोणी समजू नये. दुसऱ्यासाठी मागत फिरणे हा आपला जुना धर्म आहे. धोंडो केशव कर्वे यांनी सत्तरीनंतर समुद्र ओलांडून युरोप, अमेरिका व आफ्रिका येथे महिला विद्यापीठासाठी निधी मिळविला. गाडगे महाराजांनी कीर्तनाच्या बळावर धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः मात्र फुटके गाडगे व चिंध्या यांवर समाधान मानले. त्यांच्या फिरण्यास लोक भीक म्हणत नसत, कारण झोळीत पडलेले त्यांच्या घरी जात नाही, हे सर्वांस ठाऊक होते.

नावेचीही परीक्षा हीच. प्रवासाचा खर्च प्रवाशाने आपल्या गाठीचा करावा, आणि जमलेली पै न पै जेथे सांगितली तेथे पोहोचवून तिचा हिशेब लोकांसमोर ठेवावा. तिसरी अट सर्वांत कठीण, आणि मघाचा आक्षेप येथेच लागू पडतो: घेणाऱ्याकडून मोबदल्यात काही मागू नये, धर्म नव्हे आणि जयजयकारही नव्हे. मॅक्‌ग्रेगर आपल्या प्रवासात धर्मपुस्तिका वाटीत, हे आम्ही लपवीत नाही. परंतु बुडत्या खलाशाकडे जाणाऱ्या नावेने त्याचा पंथ विचारला नाही, आणि त्यांच्या दानाचे खरे मोल तेथे आहे.

नगर जिल्ह्यास समुद्र नाही, पण दुष्काळ आहे. दूरच्या अनोळखी माणसांनी पाठविलेले अन्न खाण्याची वेळ काय असते, हे येथील जुन्या पिढ्यांनी अनुभवले आहे. म्हणून किनाऱ्यावरून जाणाऱ्या एखाद्या लहान शिडाची वार्ता कानी आली, तर तिच्याकडे गंमत म्हणून न पाहता ती कोणासाठी निघाली आहे हे नगरकराने आधी विचारावे, आणि उत्तर समाधानकारक असेल तर कमरेची गाठ सोडावी.