इन्शुलीनरोध व रक्तकोशिकांवरील इन्शुलीन-बंधन

रक्तात इन्शुलीन पुरेसे, किंबहुना नेहमीपेक्षा अधिक असूनही ऊतकांवर त्याचा अपेक्षित परिणाम न होणे, या अवस्थेस इन्शुलीनरोध म्हणतात. हे हॉर्मोन कोशिकेच्या पृष्ठभागावरील ग्राही नावाच्या प्रथिनाशी जोडले गेल्यावरच कार्य करते. या जोडणीस बंधन असे म्हणतात.

हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये मधुमेहाचे इन्शुलीनसंवेदी व इन्शुलीन-असंवेदी असे दोन प्रकार दाखविले. १९६० साली रोझलिन यालो व सॉलोमन बेर्सन यांच्या किरणोत्सर्गी मापनपद्धतीने अनेक प्रौढ मधुमेह्यांच्या रक्तात इन्शुलीन कमी नसल्याचे सिद्ध झाले. मग दोष ग्राहीत असावा काय? यकृत किंवा स्नायूचा तुकडा रुग्णाकडून वारंवार घेणे शक्य नव्हते. रक्त मात्र सहज मिळते. म्हणून जेसी रॉथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ पासून अमेरिकेत रक्तातील पांढऱ्या कोशिकांवर किरणोत्सर्गी आयोडीनयुक्त इन्शुलिनाचे बंधन मोजले. प्रथम लसीका कोशिकांचे मानलेले हे बंधन मुख्यतः एककेंद्रक कोशिकांचे असल्याचे नंतर आढळले. स्थूल व्यक्तींत ते घटलेले असते आणि मिताहाराने सुधारते, हे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र इन्शुलिनाचे आधिक्यच ग्राहींची संख्या घटविते, असे दिसून आल्याने कारण कोणते व परिणाम कोणता, हा प्रश्न उरलाच.

तांबड्या कोशिकांवरील बंधन १९७० नंतरच्या दशकात मोजले जाऊ लागले. ही परीक्षा सोपी, पण फसवी होय. तांबडी कोशिका ग्लुकोज आत घेण्यासाठी इन्शुलिनावर अवलंबून नसते. शिवाय नवजात कोशिकांवर ग्राही अधिक असल्याने पांडुरोगात निष्कर्ष बदलतात. पुढे बहुतेक रुग्णांत मुख्य दोष बंधनानंतरच्या टप्प्यांत असल्याचे स्पष्ट झाले. आता रोधाचा अंदाज बहुधा उपाशीपोटीच्या ग्लुकोज व इन्शुलीन यांवरून करतात.

महाराष्ट्रातील कार्याने या प्रश्नाची दिशाच बदलली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांचा देहभार निर्देशांक सारखाच, २२.३ होता, परंतु शरीरातील वसा अनुक्रमे २१.२% व ९.१% भरली (२००४). सडपातळ दिसणारा भारतीयही वसायुक्त असू शकतो, हे यावरून ध्यानी येते. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत अर्भकांचे सरासरी वजन सु. २.७ किग्रॅ., तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे सु. ३.५ किग्रॅ. आढळले, तथापि पुण्याच्या अर्भकांच्या पाठीवरील त्वचेखालील वसा त्या मानाने फारशी कमी नव्हती. लंडनमधील अर्भकांशी केलेल्या दुसऱ्या तुलनेत पुण्याच्या अर्भकांच्या नाळेच्या रक्तात इन्शुलीन अधिक होते (२००२). गर्भारपणी ब१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलीनरोध सर्वाधिक दिसला (२००८). त्यामुळे याच पाहणीतील मुले किशोरवयीन झाल्यावर, म्हणजे पुढील पिढीच्या गर्भधारणेपूर्वीच, त्यांना ब१२ देण्याचा प्रयोग २०१२ मध्ये हाती घेण्यात आला.