टेहळणीचे विमान

नववीच्या वर्गावर व्हर्सायचा तह मी इतकी वर्षे शिकवला, की कलमे तोंडपाठ झाली आहेत. जर्मनीचे सैन्य एक लाख, पाणबुड्या नाहीत, लष्करी विमाने नाहीत. मी फळ्यावर लिहायचे, मुलांनी वहीत उतरवून घ्यायचे. एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, मग तिथली विमानं करणारी माणसं कुठं गेली?" त्याचे वडील ज्या फाउंड्रीत होते ती नुकतीच बंद पडली होती. "पुढच्या तासाला सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. उत्तर मला येत नव्हते.

पुढे वाचनात ते सापडले. त्यांतली काही माणसे जपानात गेली होती. तेथील कावासाकी कंपनीने जर्मनीच्या डॉर्नियर कंपनीशी करार केला आणि १९२३ साली रिचर्ड फोग्ट नावाचा तरुण अभियंता तिकडे रवाना झाला. तो तेथे दहा वर्षे राहिला.

जपानी लष्कराला जुन्या फ्रेंच साल्मसन विमानांच्या जागी नवे टेहळणी विमान हवे होते. मित्सुबिशी आणि इशिकावाजिमा यांच्याशी झालेल्या स्पर्धेत फोग्टचा आराखडा सरस ठरला. दोन माणसांचे हे द्विपंखी विमान. सांगाडा धातूचा, वर कापडाचे आवरण आणि बीएमडब्ल्यू बनावटीचे बारा सिलिंडरांचे इंजिन. १९२८ साली लष्कराने ते स्वीकारले आणि त्याला 'प्रकार ८८' हे नाव मिळाले. आपल्या पंचांगात जसा शालिवाहन शक, तसा जपानमध्ये पहिल्या सम्राटापासून मोजलेला शक असे. त्या गणनेने ते वर्ष २५८८ होते. त्यातले शेवटचे दोन आकडे विमानाला मिळाले.

विमान केले होते पाहण्यासाठी. पण १९२९ पासून त्याचाच हलका बॉम्बफेकी नमुना तयार होऊ लागला. खालचा पंख मजबूत केला, पोटाखाली व पंखांखाली २०० किलो बॉम्ब अडकवण्याची सोय केली, की झाले! टेहळणीची सुमारे ७१० आणि बॉम्बफेकी ४०७ विमाने बांधली गेली.

सप्टेंबर १९३१ मध्ये जपानच्या क्वांतुंग सेनेने मांचुरियात मुकडेन घेतले. चिनी सेनानी चांग शुएलिआंग याने आपला कारभार चिन्चौ येथे हलवला. आपण सैन्य मागे घेऊ, असे टोकियोचे सरकार राष्ट्रसंघाला सांगत असतानाच ८ ऑक्टोबरला त्या शहरावर बॉम्ब पडले. मोहिमेत लेफ्टनंट कर्नल इशिवारा कांजी स्वतः होते. विमाने होती चिनी सैन्याकडून हाती लागलेली फ्रेंच पोतेझ आणि प्रकार ८८. आणि ही प्रकार ८८ टेहळणीचीच होती! पाहणाऱ्या यंत्राला मारणारे यंत्र व्हायला कारखान्यातल्या बदलांचीही वाट पाहावी लागली नाही.

राष्ट्रसंघाच्या लिटन आयोगाने १९३२ च्या अहवालात या हल्ल्याचे समर्थन नाकारले. मार्च १९३३ मध्ये जपानने राष्ट्रसंघ सोडत असल्याचे कळवले. त्याच वर्षी फोग्ट मायदेशी परतला. तेथे आता हिटलरची राजवट होती. हँबुर्गच्या विमान कारखान्यात त्याला मुख्य अभियंत्याची जागा मिळाली. मागे जपानात त्याच्या हाताखाली तयार झालेला दोई ताकेओ होता. दुसऱ्या महायुद्धातली कावासाकीची नामांकित विमाने याच दोईने आखली.

तहाने कारखान्यांना कुलपे लागली. विद्या मात्र माणसाबरोबर बोटीत बसून परमुलखी गेली, तेथे शिष्य मिळवून आली आणि पुन्हा घरी पोहोचली. हे शिक्षकाला तरी आधी कळायला हवे होते.

आता व्हर्सायची कलमे लिहून झाली, की मी खडू खाली ठेवतो आणि मुलांना विचारतो, "मग तिथली विमानं करणारी माणसं कुठं गेली असतील?"