मानवत : सिद्ध झालेले आणि मानलेले

नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत या गावी दहा खून झाले. बळी पडलेल्या सर्व स्त्रिया आणि मुलीच होत्या. पाच मुली दहा वर्षांच्या आसपासच्या, एक वर्षाची तान्ही पोर आणि चौघी पस्तिशीच्या आतबाहेरच्या बायका. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा आधीच होरपळला होता. त्यात ही दहशत आली.

तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना पाठवण्यात आले. रामन राघवच्या तपासामुळे त्यांचे नाव १९६८ पासून सर्वतोमुखी होते. पुढे उभ्या राहिलेल्या खटल्यात सरकार पक्षाचे म्हणणे असे होते : पिंपळाखाली गुप्तधन आहे, ते मिळण्यासाठी मुंजाला कुमारिकांचे रक्त हवे, या समजुतीतून गावातील एक सधन गृहस्थ आणि त्याच्याबरोबर राहणारी स्त्री यांनी हे खून करवले. ही कथा आज महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक आहे. पण न्यायालयात तिचे काय झाले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

सत्र न्यायालयाने या दोघांना दोषी ठरवले. वरच्या न्यायालयात ते सुटले आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात प्रकरणाचा शेवट झाला. इतर काही आरोपींच्या शिक्षा कायम राहिल्या. म्हणजे काही खुनांमागचे हात सापडले. ते हात कोणाच्या सांगण्यावरून चालले, हे कायद्याच्या दृष्टीने कधीच सिद्ध झाले नाही.

असे का झाले? पुराव्याचा मोठा भाग माफीच्या साक्षीदारांचा होता. असा साक्षीदार स्वतःच गुन्ह्यातला भागीदार असतो आणि शिक्षेतून सुटण्यासाठी बोलत असतो. म्हणून त्याच्या सांगण्याला स्वतंत्र दुजोरा लागतो आणि तो दुजोरा त्या विशिष्ट आरोपीला गुन्ह्याशी जोडणारा असावा लागतो. अशाच दुसऱ्या साक्षीदाराची साक्ष हा सहसा दुजोरा धरला जात नाही. प्रयोगशाळेत आपण हेच करतो. एका तापमापकाबद्दल शंका आली, तर त्याच सदोष खोक्यातला दुसरा आणून पडताळा पाहत नाही. कबुलीजबाबांचेही तसेच. ते स्वखुशीने दिले जात आहेत ना, याची खात्री करण्याचे नियम नोंद घेताना नीट पाळले गेले नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाला आढळले.

मग रक्ताचे डाग? त्या काळी रक्त माणसाचे की जनावराचे आणि माणसाचे असल्यास कोणत्या गटाचे, एवढे सांगता येई. या दोन्ही तपासण्यांचा पाया १९०० च्या सुमारास घातला गेला होता. आपल्याकडे दर तिघांतला जवळजवळ एक जण ओ गटाचा आणि तितकेच बी गटाचे. त्यामुळे गट जुळला नाही तर एखाद्याला वगळता येते. जुळला तर मात्र फारसे काही सिद्ध होत नाही. डीएनएचा ठसा अ‍ॅलेक जेफ्रीज यांना १९८४ साली इंग्लंडमधील लेस्टर येथे सापडला. त्याच भागात १९८३ आणि १९८६ साली पंधरा वर्षांच्या दोन मुलींचे खून झाले होते. सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यांपैकी एका खुनाची कबुली दिली होती. डीएनए तपासणीने दाखवले, की तो गुन्हेगार नव्हेच. नव्या तंत्राने गुन्हेगाराला पकडण्याआधी निरपराध्याला सोडवले, हे वर्गात आवर्जून सांगण्यासारखे आहे.

मानवतची कथा मात्र थांबली नाही. १९८१ साली अमोल पालेकरांचा ‘आक्रीत’ हा चित्रपट आला, २०२४ साली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. आपल्या मनाला अर्धवट गोष्ट सोसत नाही. जिथे पुरावा संपतो तिथे कल्पना सुरू होते आणि तिला ओळखीचे साचेच लवकर सापडतात : मांत्रिक, धन, ‘तसली’ बाई. आरोपी स्त्री पारधी समाजातली होती. १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला, पण लोकांच्या मनातून नाही.

हा साचा आजही जीव घेतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. आम्ही राहतो त्या शिरगावच्या पालघर जिल्ह्यात, गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवांच्या वातावरणात मारले गेले. लेकरांविषयीची भीती खरी होती. पुरावा मात्र कोणीच मागितला नाही.

याचा अर्थ अंधश्रद्धा निरुपद्रवी आहे, असा कोणी काढू नये. नरबळीसारख्या अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर. ‘सिद्ध झाले नाही’ म्हणजे ‘घडले नाही’ असे नव्हे, आणि ‘घडलेच असणार’ असेही नव्हे. या दोन टोकांमध्ये उभे राहायला शिकवणे हे विज्ञानशिक्षणाचे खरे काम आहे.

शिक्षकांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. वर्तमानपत्रातील गुन्ह्याची एखादी बातमी घ्यावी आणि मुलांकडून फळ्यावर तीन रकाने भरून घ्यावेत : कोणी पाहिले, कोणी अनुमान केले, कोणी नुसते म्हटले. तिसरा रकाना बहुधा सर्वांत लांब निघेल. मग पहिल्या रकान्यात काय काय राहिले, ते मुलांना मोठ्याने वाचायला सांगावे.

मानवतच्या बाबतीत त्या पहिल्या रकान्यात सर्वांत वर काय असेल, ते आपण विसरतो. तिथे गुप्तधन नाही, मुंजाही नाही. शेतशिवारात गेलेल्या आणि परत न आलेल्या मुली आहेत. त्या असत्या, तर आज साठीच्या पुढे असत्या.