खाजनांचे बांध आणि ते राखणारी संघटना

मांडवी, झुवारी आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठावरील ज्या सखल जमिनी भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखल्या आहेत, त्यांना गोव्यात 'खाजन' म्हणतात. राज्यातील खाजनांचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर मानले जाते. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या तालुक्यांत त्यांचा विस्तार मोठा आहे. चोडण, दिवाडी, सांत इस्तेव यांसारख्या बेटांवरचे जीवन तर शतकानुशतके या बांधांच्या आधारानेच चालत आले. खाजनाची ओळख बहुधा भातशेती आणि मासळी यांच्या संदर्भात करून दिली जाते. तथापि, नदीकाठच्या गावांची ही सर्वांत जुनी पूरनियंत्रण व्यवस्थाही आहे, आणि ती सरकारी खात्याने नव्हे, तर गावाने एकत्र येऊन उभारली.

रचना

खाजनाची मुख्य अंगे तीन. पहिले अंग म्हणजे बांध. नदीकाठचा चिकट चिखल, भाताचा पेंढा, बांबू आणि चिऱ्याचे दगड एवढ्याच स्थानिक साहित्यातून तो रचला जाई. बांधाबाहेरील खारफुटी लाटांचा मारा स्वतःवर घेते व बांधाची माती धरून ठेवते. दुसरे अंग 'मानस', म्हणजे बांधातील झडपेचे दार. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने मानशीच्या फळ्या मिटतात. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या रेट्याने त्या उघडतात. दिवसातून दोनदा, कोणत्याही यंत्रावाचून हे घडते. तिसरे अंग 'पोंय'. शेतांमधले पाणी गोळा करून मानशीपर्यंत नेणारा हा आतला खोलगट जलमार्ग होय.

पावसाळ्यात या रचनेचा खरा कस लागतो. डोंगरावरून उतरणारे पाणी आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली, तर नदीला पाणी सोडायला जागा उरत नाही. अशा वेळी खाजन हे पाणी काही तास आपल्या पोटात घेते आणि ओहोटी लागताच मानशीतून नदीत सोडते. पोंय गाळाने भरला किंवा खाजनात भराव पडला, तर तेच पाणी वाट शोधत वाड्यावस्तीत शिरते. बांध फुटल्यास हानी दुहेरी होते. घरांच्या पायऱ्यांपर्यंत पाणी येते. शिवाय शेतात खारे पाणी शिरल्यामुळे जमीन पुन्हा गोडी होण्यासाठी पावसाळ्याच्या धुपणीची वाट पाहावी लागते. कोरगुटासारखे खारपण सोसणारे भातही रोजच्या भरतीत तग धरू शकत नाही.

गावकारीपासून कुळांच्या संघटनेपर्यंत

बांदोडे येथे सापडलेल्या राजा अनिर्जितवर्मनच्या ताम्रपटात 'खज्जन' जमिनीचा उल्लेख येतो. हा ताम्रपट पाचव्या-सहाव्या शतकातील मानला जातो. म्हणजे ही विद्या किमान दीड हजार वर्षांची आहे. पोर्तुगीज आले तेव्हा गावोगावी गावकारी नांदत होत्या. १५२६ साली अफोंसो मेक्सिया याने तिसवाडीतील गावकारींचे रीतिरिवाज सनदेच्या रूपाने लेखबद्ध केले. पुढे हीच संस्था कोमुनिदाद या नावाने ओळखली जाऊ लागली.

गावकारी शेते पावणीने लागवडीस देई. त्या उत्पन्नातून बांधदुरुस्ती, देवस्थान आणि गावचे सेवेकरी यांचा खर्च वजा होई, आणि उरलेल्या रकमेतून गावकारांना 'जोण' मिळे. बांधाचा खर्च आधी आणि वाटा नंतर, हा क्रम महत्त्वाचा होता. बांधाकडे दुर्लक्ष केल्यास उत्पन्नच बुडे. त्यामुळे राखण हा कोणाचा परोपकार नसून प्रत्येकाचे हित होते. या व्यवस्थेत विषमताही होती. जोणेचा हक्क गावकारांच्या वंशजांपुरता मर्यादित असे, आणि चिखलात उभे राहून बांध घालणाऱ्या अनेकांना त्यात स्थान नव्हते.

मुक्तीनंतर हे चित्र पालटले. १९६४ च्या कृषी कूळ कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले. जमीन वैयक्तिक झाली, पण बांध मात्र सामाईकच राहिला. म्हणून १९७५ च्या नियमांनी कुळांवर संयुक्त जबाबदारी टाकली व तिच्या पूर्ततेसाठी कुळांच्या संघटनांची तरतूद केली. खाजनातील कुळे या संघटनेचे सभासद असतात. निवडलेली समिती बांध, मानस व पोंय यांची देखभाल पाहते आणि मामलेदार तिच्या कारभारावर देखरेख ठेवतो. मानशीवरील मासेमारीच्या हक्काची पावणी हे तिचे प्रमुख उत्पन्न. मोठ्या दुरुस्तीला कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाचे साहाय्य मिळते.

आजचे प्रश्न

याच उत्पन्नातून आजचा पेच निर्माण झाला आहे. शेतीला मजूर मिळत नाही, पुढची पिढी नोकरीत आहे, आणि अनेक खाजने पडीक आहेत. अशा ठिकाणी भातापेक्षा मानशीची मासळी अधिक पैसा देते. पावणी घेणाऱ्या ठेकेदाराचे हित पाणी आत येण्यात असते, तर शेतकऱ्याचे ते बाहेर राहण्यात. मासळीसाठी फळ्या अवेळी उघड्या ठेवल्या की प्रवाहाचा वेग वाढतो, मानशीचा पाया उकरला जातो आणि पोंयाचे काठ ढासळतात. नद्यांतून जाणाऱ्या खनिजवाहू बार्जेसच्या लाटांनीही बांध झिजले. फुटलेल्या बांधामागे खारफुटी उगवली की कायद्याचे संरक्षण तिला लाभते आणि शेत परत मिळवणे कठीण होते. ज्या झाडांनी बाहेरून बांध राखायचा, तीच आत आल्यावर शेतकरी आणि पर्यावरणरक्षक यांच्यात वाद उभा राहतो.

कायद्याची ढाल नाही असे नाही. कुळांना लाभलेल्या जमिनीच्या बिगरशेती वापरास १९९१ च्या जमीन वापर नियमन कायद्याने प्रतिबंध केला आहे. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेने गोव्यातील खाजनांचे नकाशे व व्यवस्थापन आराखडा करण्यास सांगून तेथे विकासकामांना मनाई केली. २०२३ च्या कायद्याने भातशेतीच्या जमिनींच्या हस्तांतरावर निर्बंध आले. परंतु हे कायदे जमिनीचा वापर रोखतात. मे महिन्यात बांधावर चिखल चढवणारे हात ते पुरवू शकत नाहीत.

अन्यत्र काय घडते

कर्नाटकात अघनाशिनीच्या मुखाजवळील गजनी जमिनी आणि केरळमधील पोक्काळी शेती ही खाजनाचीच भावंडे. तेथेही भात आणि मासळी यांच्यातील ओढाताण जुनी आहे. नेदरलँड्समध्ये बांध राखणारी जलमंडळे तेराव्या शतकापासून चालत आली आहेत. ती आजही निवडणुकीने बनतात आणि स्वतःचा कर आकारतात. महत्त्वाचे म्हणजे हा कर केवळ शेतकरी देत नाही. बांधामागे राहणारा प्रत्येक रहिवासी तो देतो.

गोव्यासाठी यातला बोध स्पष्ट आहे. बांधाचा लाभ आता शेतापुरता उरलेला नाही. खाजनांच्या कडेला रस्ते, शाळा, घरे आणि विहिरी आहेत, पण राखणीचा भार मात्र घटत चाललेल्या कुळांवरच आहे. जुलै २०२१ मध्ये सत्तरी व डिचोलीला पुराने वेढले, तेव्हा नद्यांना पाणी सोडण्यासाठी जागा लागते हे पुन्हा दिसून आले. ती जागा राखायची, तर पावणीच्या पैशातून बांधाचा वाटा आधी बाजूला काढणे, मानशीच्या फळ्यांवर शेतकऱ्यांचा ताबा असणे, संघटनेचे हिशेब गावासमोर मांडणे आणि ग्रामसभेने बांधाची जबाबदारी स्वतःची मानणे, एवढे तरी घडले पाहिजे. यातले पहिले काम गावकारी शतकांपूर्वी करीतच होती.